पेशव्यांचें हुजूर दफ्तर

मराठ्यांच्या इतिहासाविषयीं बोलावयाचें म्हटलें कीं, घोडा, तरवार, गड आणि रणांगण हीं चित्रें आपल्या डोळ्यांपुढें आपोआप उभीं राहतात. आज ज्या गोष्टीविषयीं मी बोलणार आहें, तिच्यांत घोडा नाहीं आणि तरवारहि नाहीं. बोरू, दौत, वाळूची डबी, कागदाचे बंद आणि ते गुंडाळावयाचा रुमाल, एवढीच तिची सामुग्री. पण या सामुग्रीवर पाऊणशें वर्षें एका मोठ्या दौलतीचा कारभार चालला, आणि ती जेव्हां हयगयीनें विसकटली, तेव्हां दौलतीचा कारभारहि विसकटला. पेशव्यांचें हुजूर दफ्तर हा आजचा विषय आहे.

मी इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिक होऊन शाळामास्तर झालों आणि तीस वर्षांहून अधिक काळ मुलांना इतिहास व गणित शिकवून निवृत्त झालों. तेव्हां या विषयाकडे मी कसा वळलों, हें प्रथम सांगितलें पाहिजे. शाळेंत वर्गाच्या कामाखेरीज दफ्तराची देखरेख कांहीं काळ माझ्याकडे होती. हजेरीचे पट, दाखल्यांचीं बुकें, फीच्या पावत्या, या सर्वांना आम्हीं मास्तर मंडळी 'कारकुनी' म्हणून नाक मुरडीत असूं. पुढें जागा अपुरी पडूं लागली, तेव्हां जुनीं नोंदबुकें मागल्या एका गळक्या खोलींत हलविण्याचें ठरलें. मला तें पसंत नव्हतें; परंतु मीं आग्रह धरला नाहीं. कांहीं वर्षांनीं एक साठीकडे झुकलेला माणूस मला शोधीत आला. त्याला पेन्शनीसाठीं जन्मतारखेचा दाखला हवा होता. मीं त्याला ओळखलें. तो कोणत्या बाकावर बसे, तेंहि मला आठवलें. पण त्याचें नांव ज्या बुकांत होतें, त्याचीं पानें पावसानें एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झाला होता. तो रागावला नाहीं. एवढेंच म्हणाला, "गुरुजी, माझं नांव तुम्हांला पाठ आहे, पण कागदावर नाहीं." तें वाक्य माझ्या मनांतून गेलें नाहीं. ज्याला आपण दुय्यम काम समजतों त्याच्यावर कोणाची भाकरी अवलंबून असते, हें मला त्या दिवशीं उमगलें. आणि मग जुन्या काळीं राज्यकर्त्यांनीं हें काम कसें संभाळलें, तें वाचावें असें मला वाटूं लागलें.

कोणतेंहि सरकारी खातें घ्या. त्याचें एक मुख्य काम असतें: सारा वसूल करणें, न्याय देणें, फौज ठेवणें. आणि त्या कामाला आधार देणारीं दुसरीं अनेक कामें असतात: पत्रें लिहिणें, हिशेब ठेवणें, रोकड संभाळणें, कोठींतलें सामान मोजणें, निरोप पोंचविणें, कागद जपून ठेवणें. लोकांच्या नजरेस पहिलें काम येतें, दुसरें येत नाहीं. पण ज्यांनीं राज्यें स्थापिलीं, त्यांना या दुसऱ्या कामाची योग्यता पुरती ठाऊक होती.

शिवाजी महाराजांचा १६७४ सालचा राज्याभिषेक आपण सर्वांनीं शाळेंत वाचलेला आहे. त्या वेळच्या अष्टप्रधानांकडे जरा या दृष्टीनें पहा. आठांपैकीं तिघांची कामें पुष्कळ अंशीं दफ्तरचींच होतीं. अमात्य किंवा मुजुमदार यांच्याकडे राज्याचा जमाखर्च. सचिव किंवा सुरनीस यांच्याकडे बाहेर जाणारीं राजपत्रें तपासून शुद्ध करणें. मंत्री किंवा वाकेनीस यांच्याकडे राजाच्या नित्याच्या व्यवहाराची नोंद. म्हणजे लेखणी धरणाऱ्याला सेनापतीच्या पंक्तीला पाट मांडलेला होता. महाराजांच्या आज्ञेनें रघुनाथपंडितांनीं जो 'राज्यव्यवहारकोश' रचला, त्याचे दहा वर्ग आहेत. त्यांत शस्त्रांचा आणि दुर्गांचा जसा एकेक वर्ग आहे, तसाच 'लेखनवर्ग' म्हणून एक स्वतंत्र वर्ग आहे.

लेखणीच्या जोडीला सामानाची व्यवस्था. बखरींतून 'अठरा कारखाने आणि बारा महाल' यांच्या याद्या येतात. आज कारखाना म्हटला कीं आपल्याला यंत्रांचा धूर दिसतो. त्या काळीं कारखाना म्हणजे सरकारला लागणारी एक एक जिन्नस जमविण्याचें, ठेवण्याचें आणि पुरविण्याचें खातें. धान्याचा अंबरखाना, वस्त्रांचा जामदारखाना, पाण्याचा आबदारखाना, स्वयंपाकाचा मुतबखखाना, उंटांचा उष्ट्रखाना, हत्तींचा पीलखाना, तंबू-बिछायतींचा फरासखाना. पुण्याच्या फरासखान्याचें नांव आज पोलीस चौकीमुळें सर्वांना ठाऊक आहे; तें मुळांत या बिछायतीच्या खात्याचें नांव. आणि या याद्यांत, तोफखाना व दारूखाना यांच्याच ओळींत, 'दफ्तरखाना' असतो. कागद ठेवण्याची जागा ही दारूगोळ्याच्या जागेइतकीच राज्याच्या गरजेची, असा याचा अर्थ मी घेतों.

या व्यवस्थेंतलें मर्म गडावरच्या कारभारांत सर्वांत स्पष्ट दिसतें. कृष्णाजी अनंत सभासदानें आपल्या बखरींत तें सांगितलें आहे. गडावर सारा अधिकार एकाच्या हातीं नसे. हवालदाराकडे किल्ल्या आणि हुकमत; सबनिसाकडे माणसांची हजेरी व लेखन; कारखानिसाकडे धान्य, दारूगोळा, सामानसुमान आणि त्याचा हिशेब. तिघे निरनिराळ्या जातींचे नेमीत. एकट्या हवालदारानें गड शत्रूच्या हवालीं करावा म्हटलें, तरी हजेरी व कोठी दुसऱ्या दोघांच्या हातीं. म्हणजे जमाखर्च लिहिणारा माणूस हा केवळ लिहिणारा नव्हता. तो राज्याचा साक्षीदार होता.

हेंच तत्त्व पुढें पेशव्यांच्या काळीं मुलखाच्या कारभारांत पसरलेलें आढळतें. १७१३ सालीं बाळाजी विश्वनाथ यांना पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं; १७४९ सालीं शाहूमहाराज वारले, आणि राज्याचा सारा कारभार साताऱ्याहून पुण्यास आला. मुलूख वाढला. एका माणसानें स्वतः जाऊन पाहण्याजोगा तो राहिला नाहीं. तेव्हां दूरच्या परगण्यांत मामलेदार काय करतो, हें पुण्यास बसून कसें कळावें, हा प्रश्न उभा राहिला. त्याचें उत्तर 'दरकदार' या पद्धतींत होतें.

मामलेदाराच्या कचेरींत जीं माणसें असत, त्यांचें वर्णन पेशवाई बुडाल्यावर इंग्रज अधिकाऱ्यांनीं चौकशी करून लिहून ठेवलें आहे. दिवाण प्रत्येक पत्रावर व हुकमावर आपली निशाणी करी. मुजुमदार दस्तऐवज व हिशेब पाहून मगच फडणिसाकडे जाऊं देई. फडणीस त्यांवर तारीख घाली, रोजचा कच्चा खर्डा लिही, रोकडीच्या थैल्यांना चिठ्ठ्या लावी, आणि वर्षअखेर सर्व वह्या घेऊन हुजुरांत जाई. दफ्तरदार त्या खर्ड्यावरून पक्की खातेवही तयार करी आणि दरमहा तिचा गोषवारा हुजुरांत रवाना करी. पोतनिसाकडे वसुलाचा आणि शिलकेचा हिशेब. नाणें पारखणारे पोतदार प्रत्येक कचेरींत दोन, म्हणजे एकानें खोटा रुपया खरा म्हटला तर दुसरा आहेच. चिटणीस येणाऱ्या पत्रांचीं उत्तरें लिही. आणि या सर्वांची नेमणूक मामलेदाराची नसे. ती सरकारची असे, आणि त्यांना काढून टाकण्याचा अधिकार मामलेदाराला नसे. ज्याच्यावर देखरेख करावयाची, त्याच्याच मर्जीवर देखरेख करणाऱ्याची चाकरी ठेवावयाची नाहीं, हें शहाणपण आजच्या काळींहि शिकण्यासारखें आहे.

आतां हे सर्व झरे ज्या तळ्यांत येऊन मिळत, त्या पुण्याच्या हुजूर दफ्तराकडे वळूं. दफ्तराच्या भरभराटीच्या काळीं तेथें दोनशेंच्या आसपास कारकून काम करीत. त्याचे मुख्य भाग दोन. एक चालतें दफ्तर, दुसरें एकबेरीज दफ्तर. चालतें दफ्तर फडणिसांच्या प्रत्यक्ष हाताखालीं असे, आणि त्यांत फड, बेहेडा, सरंजाम अशा शाखा असत. एकबेरीज दफ्तर पुण्यास कायम असे. चालत्या दफ्तराचें काम संपलें म्हणजे कागद तेथें जात.

फडांत रोजकीर्द लिहिली जाई. रोजकीर्द म्हणजे त्या दिवशीं काय आलें, काय गेलें, कोणास सनद दिली, कोणास ताकीद पाठविली, याची त्याच दिवसाची नोंद. उद्यां लिहूं असें तीत नाहीं. याच नोंदींतून पुढें खात्यांवार खतावणी, आणि खतावणींतून वर्षाचे ताळेबंद व तर्जुमे एकबेरीज दफ्तरांत तयार होत. गणित शिकविणारा म्हणून मला या रचनेचें फार कौतुक वाटतें. एकच रुपया प्रथम दिवसाच्या नांवें लिहिला जाई, मग माणसाच्या किंवा खात्याच्या नांवें, आणि शेवटीं वर्षाच्या बेरजेंत. तीन ठिकाणीं लिहिलेली रक्कम एका ठिकाणीं खोडून पचत नाहीं.

बेहेडा हें त्याहून महत्त्वाचें. परगण्यांतून आलेल्या जुन्या हिशेबांवरून पुढल्या वर्षीं तेथून किती वसूल यावा आणि तेथें किती खर्च व्हावा, याचा अजमास बेहेड्यांत बांधलेला असे. कमाविसदार मुलखांत जाई तो हा बेहेडा जवळ घेऊन. वसुलापैकीं कांहीं रक्कम त्याला आगाऊ भरावी लागे, तिला रसद म्हणत. वर्षअखेर त्याचा जमाखर्च पुण्यास येई आणि बेहेड्याशीं ताडून पाहिला जाई. खर्च अधिक कां झाला, वसूल कमी कां आला, असे प्रश्न निघत आणि त्यांचीं उत्तरें द्यावीं लागत. आज आपण ज्याला अंदाजपत्रक आणि हिशेबतपासणी म्हणतों, तीं दोन्ही येथें एका धाग्यांत ओवलेलीं आहेत. आणि यांत रयतेचा लाभ होता, हें लक्षांत घ्या. गांवावर दहा वर्षांपूर्वीं काय आकार होता, हें पुण्याच्या रुमालांत लिहिलेलें असल्यावर, नव्यानें आलेल्या अंमलदाराला मन मानेल तितका आकार सांगतां येत नसे.

एखाद्या इनामाच्या सनदेचा प्रवास पहा. यजमानाचा हुकूम झाला कीं मसुदा होई. मसुदा तपासून स्वच्छ प्रत लिहिली जाई. ती ज्या ज्या अधिकाऱ्याच्या हाताखालून जाई, तो तो आपला शेरा मारी. जुन्या कागदांवर 'रुजू', 'सुरू सूद', 'बार' असे शेरे दिसतात ते हेच. वर शिक्का, आणि मजकूर जेथें संपला तेथें मोर्तब. मोर्तब केल्यावर खालीं एक अक्षर वाढवितां येत नाहीं. म्हणूनच 'शिक्कामोर्तब झालें' असें आपण आजहि बोलतों. कागद लांब असून बंदाला बंद चिकटविलेला असला, तर पाठीमागें जोडावरहि शिक्का. तारखेंत सालाचा आंकडा न लिहितां तो अरबी शब्दांनीं लिहीत: सलास म्हणजे तीन, अर्बा म्हणजे चार, खमस म्हणजे पांच. आंकडा बदलणें सोपें असतें; सलासचें दुसरें कांहीं करणें सोपें नसतें. एवढें होऊनहि सनद धन्याच्या हातीं जाण्यापूर्वीं तिची नोंद दफ्तरांत राहत असे. पुढें कोणीं बनावट सनद पुढें केली, तर तिची बहीण दफ्तरांत सांपडत नसे, आणि लबाडी उघडी पडे.

हे कागद इकडून तिकडे नेणारे जासूद, तेहि या कारभाराचेच हातपाय. सामान्यतः दोघा-दोघांची जोडी पाठवीत. एक वाटेंत आजारी पडला किंवा मारला गेला, तर दुसऱ्यानें थैली पोंचवावी. फडांत कितीहि सुंदर अक्षरांत पत्र लिहिलें, तरी तें वेळेवर न पोंचलें तर व्यर्थच.

या सर्व यंत्राला पुरतें वळण लावलें तें नाना फडणिसांनीं. नानांचें नांव घेतलें कीं आपल्याला बारभाईंचें कारस्थान आठवतें, सालबाईचा तह आठवतो, खर्ड्याची लढाई आठवते. परंतु त्यांच्या हुद्द्याचें नांव काय होतें, हें आपण विसरतों. ते फडणीस होते. फडाचे, म्हणजे कचेरीचे, प्रमुख. १७४२ सालीं त्यांचा जन्म झाला. १७५६ सालीं वडील वारले, तेव्हां चौदा वर्षांच्या मुलाकडे ही वंशपरंपरेची जबाबदारी आली. दफ्तरांत त्यांनीं मोठ्या सुधारणा केल्या, हें पुढें दफ्तर ताब्यांत घेणाऱ्या इंग्रजांनींहि लिहून ठेवलें आहे. दूरच्या दरबारांतील वकिलांचीं पत्रें आणि जवळच्या परगण्यांचे हिशेब एकाच फडावर येत. हिंदुस्थानांतील दरबारांत पुण्याचा हा कारभारी सर्वांच्या आधीं बातमी मिळवितो, असा त्यांचा लौकिक होता. त्या लौकिकाच्या मागें कसलें गूढ नव्हतें. वेळच्या वेळीं आलेले, वाचलेले आणि पुन्हां सांपडतील असे ठेवलेले कागद होते.

पण आपल्या पूर्वजांचें गुणगान करतांना दोष झांकणें हें इतिहास सांगणाऱ्याचें काम नव्हे. या व्यवस्थेंत मोठे दोष होते. दरक वंशपरंपरेचे झाले. बाप चांगला हिशेबी होता म्हणून मुलगा होईलच असें नाहीं. मग हुद्दा मुलाकडे आणि काम मुतालिकाकडे, असें होऊं लागलें. 'दरबारखर्च' आणि 'अंतस्थ' या नांवांनीं लाच ही जवळजवळ रीतसर होऊन बसली. कमाविसदार जी रक्कम गुप्तपणें वर पोंचवी, ती शेवटीं गांवावरच बसे. तिसरा दोष याहून सूक्ष्म आहे. सरकारचा कागद कोणता आणि घरचा कागद कोणता, ही रेषा कोणी कधीं आंखलीच नाहीं. खुद्द नानांचा राजकारणाचा पत्रव्यवहार वाईजवळच्या मेणवलीच्या त्यांच्या वाड्यांत राहिला. मेणवली दफ्तर म्हणून तो प्रसिद्ध आहे. इतका दक्ष पुरुष, पण त्यालाहि हा कागद माझा नाहीं, गादीचा आहे, असें वाटलें नाहीं. याचा परिणाम असा झाला कीं, सारी व्यवस्था माणसाच्या आधारानें उभी राहिली. माणूस होता तोंवर ती चालली.

१३ मार्च १८०० रोजीं नाना वारले. दुसरे बाजीराव त्याआधीं १७९६ सालीं गादीवर आले होते. पुढें काय झालें, तें एल्फिन्स्टनचा मदतनीस मॅक्लाउड यानें दफ्तर पाहून कळविलें आहे. बाजीरावाच्या कारकीर्दींत दफ्तराची हयगय झाली, इतकेंच नव्हे, तर तेथला नोकरवर्ग बहुतेक काढून टाकला गेला, आणि कागद ज्यानें त्यानें न्यावे, अशी स्थिति झाली.

असें कां झालें असावें? राजाला कंटाळा आला, एवढें उत्तर मला पुरेसें वाटत नाहीं. बाजीरावानें महाल मक्त्यानें देण्याची पद्धत सर्रास चालू केली. जो अधिक रक्कम बोलेल, त्याला परगणा. आतां विचार करा. ज्याला वसूल आधींच बोलीनें मिळाला, त्याला बेहेडा कशाला हवा? जुना आकार किती, पाऊस कसा झाला, खर्च वाजवी कीं गैरवाजवी, हे प्रश्नच उरले नाहींत. लिलाव करणाऱ्याला हिशेब नको असतो. त्याला फक्त शेवटचा आंकडा हवा असतो. मग दोनशें कारकून म्हणजे फुकटचा खर्च वाटूं लागला, यांत नवल काय? खजिना कांहीं वर्षें भरलेला दिसला. पण मक्तेदारानें आपली बोली वसूल करण्यासाठीं गांवाला पिळलें, आणि गांवकऱ्यांनीं दाद मागावयाची म्हटलें, तर त्यांच्या बाजूनें बोलणारा जो पुण्यांतला कागद, तोच पडून राहिलेला. दरकदार नांवाला उरले. दौलतीचे डोळे दौलतीनेंच मिटून घेतले. १८०२ अखेर वसईचा तह झाला, १८१७ च्या नोव्हेंबरांत शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें, आणि १८१८ सालीं बाजीराव शरण आला. पेशवाई बुडण्याचीं कारणें अनेक आहेत. दफ्तर मोडलें म्हणून राज्य गेलें, असें मी म्हणत नाहीं. ज्या वृत्तीनें दफ्तर मोडलें, तिनेंच राज्य आंतून पोखरलें, एवढेंच माझें म्हणणें आहे.

येथें गोष्ट संपत नाहीं; श्रोत्यांनीं विशेष लक्ष द्यावें असा भाग पुढेंच आहे. राज्य गेलें, पण कागद राहिले. एल्फिन्स्टननें दफ्तर ताब्यांत घेऊन मॅक्लाउडकडून तें लावून घेतलें. नव्या सरकारालाहि सारा कोठें किती, वतन कोणाचें, इनाम कोणाचें, हें या मोडी रुमालांवांचून कळणें शक्य नव्हतें. जिंकणाऱ्याला मुलूख तरवारीनें मिळाला. पण त्याची ओळख पेशव्यांच्या कारकुनांनीं करून दिली.

मग इनामांची चौकशी सुरू झाली. १८५२ सालच्या कायद्यानें इनाम कमिशनला अधिकार मिळाले, आणि पिढ्यान्‌पिढ्या जमिनी खात आलेल्या घराण्यांना आपला हक्क शाबीत करण्यास सांगण्यांत आलें. घरची सनद वाळवीनें खाल्ली असो, आगींत जळाली असो. पुण्याच्या दफ्तरांत नोंद निघाली तर आधार, न निघाली तर संकट. शें-सव्वाशें वर्षांपूर्वीं एखाद्या अनामिक कारकुनानें दिवेलागणीच्या सुमारास, थकलेल्या हातानें, रोजकीर्दींत एक ओळ लिहिली असेल. ती ओळ त्यानें आळसानें गाळली असती, तर त्याचें कांहीं बिघडलें नसतें. पण तिच्यावर त्या घराण्याच्या पणतवंडांचें शेत राहिलें किंवा गेलें. माझ्या त्या विद्यार्थ्याची गोष्ट मला येथें पुन्हां आठवते.

आणि शेवटचा लाभ आपल्या सर्वांचा आहे. पुण्यास या कागदांसाठीं एक भक्कम इमारत बांधण्यांत आली. १८९१ सालीं पूर्ण झालेलें तें 'एलिनेशन ऑफिस', म्हणजेच आजचें पुणें पुराभिलेखागार. रावबहादुर गणेश चिमणाजी वाड यांनीं पेशव्यांच्या रोजनिशींतून उतारे काढले, आणि न्यायमूर्ति रानडे यांनीं १९०० सालीं त्यांवर निबंध लिहून, मराठ्यांचा इतिहास म्हणजे केवळ स्वाऱ्यांचा इतिहास नव्हे, हें दाखवून दिलें. पुढें १९३० ते १९३४ या काळांत गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं 'पेशवे दफ्तरांतून निवडलेले कागद' पंचेचाळीस भागांत छापून काढले. सरदेसाईहि बडोद्यास राजपुत्रांचे शिक्षक होते, आणि हें काम त्यांनीं नोकरींतून निवृत्त झाल्यावर हातीं घेतलें, ही गोष्ट माझ्यासारख्या निवृत्त मास्तराला मोठा धीर देते. आज थोरल्या माधवरावांचा करारीपणा किंवा पानिपताच्या आधींची पैशाची ओढाताण आपण पुराव्यानें सांगूं शकतों, तें या रुमालांच्या बळावर.

श्रोतेहो, आतां समारोप करतों. आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलें, सुना, भाऊ कोठल्या ना कोठल्या सरकारी कचेरींत काम करीत असतील. कोणाकडे आवक-जावक असेल, कोणाकडे कोठींतलें सामान, कोणाकडे पगारपत्रक. घरीं येऊन ते म्हणत असतील, "आमचं काय, आम्ही नुसते कारकून." त्यांना आपण हुजूर दफ्तराची ही गोष्ट सांगावी. आतां रुमालांच्या जागीं संगणक आले आहेत, बोरूच्या जागीं कळफलक आला आहे. पण दोन प्रश्न नानांच्या फडाला लागू होते, तेच आजहि लागू आहेत. आज झालेलें काम आजच लिहिलें गेलें काय? आणि पन्नास वर्षांनीं कोणी गरजू माणूस दारीं आला, तर तें सांपडेल काय? ज्या खात्याचा प्रमुख हे दोन प्रश्न रोज विचारतो, त्याचें मुख्य काम बहुधा बरें चालतें. आणि ज्याला या कामावरचा खर्च सर्वांआधीं फुकटचा वाटतो, त्यानें बाजीरावाचा दाखला एकवार आठवावा.

माझ्यापुरतें सांगावयाचें, तर त्या माणसाला जन्मतारखेचा दाखला मी देऊं शकलों नाहीं. मीं त्याला माझ्या सहीचें एक पत्र लिहून दिलें, कीं हा माझा विद्यार्थी होता. तें चाललें कीं नाहीं, हें मला कळलें नाहीं. पण शाळा सोडण्यापूर्वीं उरलेलीं सर्व नोंदबुकें मीं कोरड्या खोलींत आणविलीं, ऊन दाखवून झटकलीं, आणि प्रत्येकाला सालवार चिठ्ठी लावून रुमालांत बांधून ठेवलीं.